तीस टक्के

भोकरला, टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत
रविवारी अकराला आम्ही पाच जण एका पडद्यावर वाकतो.
शेषेराव लाइनमन. हबीब सर, चित्रकलेतून रिटायर.
गुरांचे डॉक्टर भुसेवार,
ज्यांच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला गोठ्याचा वास येतो
हे आम्ही त्यांच्यादेखत म्हणतो.
इंदुमती, विम्याच्या हापिसातली.
आणि मी, सबपोस्टात शिक्के मारणारी.

आज माझा फोटो.
पंचफुला गिरणीवाली,
दुपारी पट्टा थांबवून दारात आली तेव्हाची.
उजेड डावीकडून. पन्नासची लेन्स.
बाई हसायलीय,
सगळं तोंड उघडून.

शेषेराव म्हणाला, आधी धूळ काढ.
पापण्यांवर ठिपकेच ठिपके, सेन्सर घाण झालाय तुझा.
मी म्हटलं, ज्वारी आहे ती.
डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा वाकले,
म्हणाले, मग राहू द्या.

गालांवरून वाद झाला. चहा आला, गार झाला.
हबीब सर म्हणाले,
गुळगुळीत करशील तर बाई सोललेल्या अंड्यासारखी दिसेल.
मूळ फोटोला हात लावायचा नाही.
वर नवा थर घे, ब्रश मऊ, तीस टक्के.
तीसच्या वर गेलीस की तू तिला नाही,
स्वतःला बघायलीस.
मग त्यांचं नांदेडचं सुरू झालं,
स्टुडिओतली काच, खालून बल्ब,
टोक केलेली पेन्सिल, आणि निगेटिव्हवर
डोळ्यांखालचं जागरण भरत बसलेला विशीतला हबीब.
एका वकिलाला मी इतका निवांत केला, म्हणाले,
की बायको फोटो घेऊन परत आली,
हे आमच्या घरात राहत नाहीत म्हणाली.

इंदुमतीला घाई होती. दात बघ की, म्हणाली.
पिवळा निवड, उणे चाळीस. उजेड थोडा वर.
दहा सेकंदांचं काम.

केलं.
दात पांढरे झाले, दुधाच्या जाहिरातीतले.
मागे घेतलं. पट्टे परत आले,
आडवे, तपकिरी,
कपात चहा वाळून बसतो तसे.
पुन्हा पांढरे. पुन्हा मागे.
एका बोटाखाली
आमच्या गावच्या शाळेतला हापसा
बुजत होता, उघडत होता,
त्याच्या दांड्याला लोंबकळलेली चौथीची अख्खी तुकडी,
ओंजळी, कोपरांवरून गळणारं पाणी,
आणि खूप वर्षांनी कुणीतरी येऊन
त्याच्यावर मारलेली लाल फुली.
पंचफुला माझ्या दोन वर्गं पुढे होती.
दहावीच्या ग्रुप फोटोपासून
माझे ओठ मिटलेले आहेत.
हसले की हात आपोआप वर जातो,
पदर नसला तरी.

कुणी काही बोललं नाही.
मग शेषेरावानं खुर्ची फिरवली,
इंदुमतीपुढे दोन्ही ओठ बोटांनी फाकवले,
तोही त्याच खडकाचं पाणी प्यालेला,
म्हणाला, ताई, माझे किती उणे बसतील?
खोली फुटली. डॉक्टरांना ठसका लागला.
इंदुमती कानापर्यंत लाल झाली, मग तीही हसली.
माझा हात माउसवर होता,
तिथंच राहिला.

गुरुवारी प्रिंट घेऊन गिरणीत गेले.
पट्टे तसेच. ज्वारी तशीच.
गालावर तेवढा तीस टक्के हबीब सरांचा शब्द.
पंचफुलानं हात लुगड्याला पुसले,
फोटो दारात नेला, उजेडाला धरला.
दातांकडे बघितलंच नाही.
चेहऱ्यावरून नजर घसरून मागे गेली,
अंधारात लटकलेल्या काट्यावर,
तिथं थांबली.

हे काय गं, काटा एका अंगाला कललाय.
गिऱ्हाईक काय म्हणंल?
मापात खाते म्हणंल.
तेवढा नीट करून दे.

रात्री घरी नवा थर घेतला.
काटा सरळ केला.
शंभर टक्के.